बंद खोलीतला सरपंच

दिवाकर मोघे स्वतःची ओळख करून द्यायला लागले की ऐकणाऱ्याने आधी बसायला जागा बघावी, असं धम्मपालचं अनुभवाचं मत होतं.

"मी," दिवाकरजी छातीवर तळहात ठेवून सुरुवात करत, "नर्मदेच्या उत्तरेचा एकमेव शुद्ध तर्कनिष्ठ रहस्यभेदक. दक्षिणेला कोणी असला तर मला माहीत नाही, आणि मला माहीत नाही म्हणजे बहुतेक नसणारच. माझा डावा डोळा पुरावा बघतो आणि उजवा पुरावा लपवणाऱ्याला बघतो." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरायला लागलाय, ही माहिती ते देत नसत. ती आतून त्यांच्या सौभाग्यवती देत. "आणि माझं नाक! पण नाकाबद्दल मी स्वतः बोलणं बरं दिसत नाही."

दिवाकरजींची अख्खी नोकरी वीज कंपनीत, लोकांची मीटरं तपासण्यात गेली होती. परक्यांच्या गॅलऱ्यांत तारा हुंगत हिंडता हिंडता त्यांना एक दिवस साक्षात्कार झाला, की या जगात जे जे सरळ दिसतं त्याच्या मागे कुणीतरी आकडा टाकलेला असतो. निवृत्तीचा हार वाळायच्या आत त्यांनी इंदूरच्या मल्हारगंजातल्या घरावर पाटी लावली: 'येथे रहस्ये सोडवून मिळतील.' खाली बारीक अक्षरात, 'दुपारी एक ते चार बंद.'

धम्मपाल त्यांच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहायचा. मूळचा महूचा, पणजोबा पलटणीत, स्वतः कॉलेजच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत नोकरीला. तो सहायक कसा झाला? तर त्याच्याकडे स्कूटर होती. दिवाकरजींकडेही होती, पण पुढे चाललेली प्रत्येक गाडी त्यांना संशयित वाटायची आणि ते तिचा पाठलाग सुरू करायचे. एकदा कोथिंबीर आणायला निघाले ते देवासला पोचले. तेव्हापासून स्कूटर धम्मपाल चालवायचा आणि दिवाकरजी मागे बसून संशय घ्यायचे.

मे महिना होता. कॉलेजला सुट्टी लागलेली, त्यामुळे धम्मपालला निसटायला कुठलंच कारण उरलं नव्हतं. अशातच फोन आला.

"पाटीवरून नंबर घेतलाय," पलीकडे एक तरुण बाई घाईघाईने बोलत होत्या. "स्वानंदी बोलतेय, तुकोगंजहून. आमच्या सरपंचाला रोज दुपारी काहीतरी होतं. जीभ बाहेर येते, श्वास लागतो, उभं राहवत नाही. डॉक्टर म्हणतात उन्हाचं आहे. पण तो उन्हात जातच नाही हो! मला वाटतं त्याला कुणीतरी काहीतरी देतंय."

दिवाकरजींनी फोन खाली ठेवला तेव्हा त्यांचे डोळे चकाकत होते. "धम्मपाल भिया, राजकीय प्रकरण आहे. सरपंचावर विषप्रयोग! माझा कोट काढा."

"दिवाकरजी, बाहेर बेचाळीस डिग्री आहे."

"रहस्यभेदक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात गेला तर गुन्हेगार घाबरेल का?"

तुकोगंजातल्या मागच्या गल्लीत, एका दुमजली घराच्या तळमजल्यावर दार उघडलं गेलं तेव्हा दिवाकरजींनी वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "सरपंचसाहेब कुठे आहेत?"

सरपंचसाहेब सोफ्याखालून आले. बदामी अंग, काळं तोंड, शेपटीची जिलबी. चेहरा असा, की दार उघडं आहे समजून धावत गेले असावेत आणि दार बंद निघालं असावं. कपाळावर आठ्याच आठ्या. पंचक्रोशीतल्या बांधाच्या भांडणांचा निवाडा यांच्याच पुढ्यात चाललाय, असं वाटावं. आल्या आल्या त्यांनी दिवाकरजींचा बूट हुंगला आणि घोरल्यासारखा आवाज केला.

"हा पग आहे," धम्मपाल हळूच म्हणाला.

"मी पहिल्याच दृष्टिक्षेपात ओळखलं," दिवाकरजी म्हणाले आणि नमस्काराचे हात कोटाच्या खिशात घातले.

स्वानंदीने सगळं सांगितलं. ती आणि नवरा वेदांत मार्चमध्ये ठाण्याहून इंदूरला आले. वेदांतची नोकरी पिथमपूरच्या कारखान्यात. सकाळी जातो तो अंधार पडता पडता येतो. ती घरूनच लॅपटॉपवर काम करते. एप्रिल सुरू झाल्यापासून सरपंचाचं हे दुपारचं सुरू झालं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं: चपट्या तोंडाचे कुत्रे उन्हाला फार लवकर हार खातात, श्वासाची वाट मुळातच अरुंद, अंगाला घाम येत नाही, जे काही थंड व्हायचं ते हाफूनच. म्हणून उन्हात नेऊ नका, गळ्याऐवजी छातीला पट्टा बांधा, वजन वाढू देऊ नका, पाणी भरपूर ठेवा आणि घर गार ठेवा.

"मी सगळं करते, काका. फिरायला नेते ते उजाडायच्या आधी. चार ठिकाणी पाणी ठेवलंय. दुपारभर घर गार ठेवते. तरी रोज तेच." "वेदांत नसताना या शहरात मी दिवसभर बोलते ती फक्त याच्याशी. याला काही झालं तर मला इथे राहताच येणार नाही."

धम्मपालला वाईट वाटलं. दिवाकरजींनाही वाटलं असणार, कारण त्यांनी लगेच भिंगाची काच काढली. वाईट वाटलं की ते भिंग काढत.

"विचार करा, भिया," ते खोलीत येरझाऱ्या घालू लागले. "प्राणी उन्हात जात नाही. घर गार आहे. म्हणजे उष्णता बाद. उष्णता बाद झाली की काय उरतं? विष!" मग त्यांनी सरपंचाच्या ताटलीतला खाऊचा एक दाणा उचलून तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावला. सरपंच त्यांच्याकडे पाहत होता आणि त्याच्या आठ्या आणखी खोल झाल्या होत्या.

"विष नाही," दिवाकरजी अखेर म्हणाले. "शेव टाकली असती तर बरं लागलं असतं."

इतक्यात मागच्या जिन्यावरून पाण्याचा आवाज आला. खिडकीत बसवलेल्या कूलरच्या टाकीत बाहेरून कुणीतरी पाइपने पाणी भरत होतं. त्या होत्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीण, प्रभावतीबाई. सुभेदाराची विधवा, साठीच्या पुढची, आवाज कवायतीच्या मैदानावरचा. पाणी भरून झाल्यावर त्यांनी पदराआडून एक इवलीशी बाटली काढली आणि हिरवट काहीतरी टाकीत ओतलं. मग बंद खिडकीच्या काचेतून सरपंचाकडे पाहून मान हलवली. "ऐसा नहीं चलेगा. याचं काही तरी करावंच लागणार आता."

दिवाकरजींनी धम्मपालचं कोपर इतकं घट्ट धरलं की पुढचा आठवडाभर तिथे वळ होता.

"ऐकलंत? कबुली!"

"काळजीने म्हणाल्या असतील, दिवाकरजी."

"भिया, काळजी हा गुन्हेगाराचा सगळ्यात जुना बुरखा आहे."

मग सुरू झाली पाळत. योजना दिवाकरजींची होती, म्हणून ते कोपऱ्यावरच्या शिकंजीच्या दुकानात पंख्याखाली बसले आणि धम्मपाल समोरच्या फुटपाथवर भर उन्हात वर्तमानपत्र घेऊन उभा राहिला. दिवाकरजींनी त्याला वेषांतर म्हणून मफलर दिला होता. मे महिन्यात मफलर घातलेल्या माणसाकडे कुणाचं लक्ष जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पहिल्या अर्ध्या तासात तीन जणांनी थांबून त्याची तब्येत विचारली.

पायांचे ठसे, विडीची थोटकं, फेकलेली पुडी, असलं काही मिळतं का, हे दिवाकरजींनी आधीच तपासून पाहिलं होतं. काही मिळालं नव्हतं. गल्ली आरशासारखी लख्ख. "दुसऱ्या शहरांतल्या गुप्तहेरांचं बरं आहे," ते चडफडत म्हणाले. "त्यांना रस्त्यावर पुरावा मिळतो. इथे गुन्हेगाराने काही टाकायचा अवकाश, कचरागाडी गाणं वाजवत येते आणि ओला पुरावा वेगळा, सुका पुरावा वेगळा करून घेऊन जाते!"

धम्मपालच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेवढ्यात वरच्या गॅलरीतून तोफ धडाडली.

"अरे! तू महूच्या किसनचा धम्मू ना रे?"

धम्मपालने वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

"अखबारमध्ये काय तोंड छुपवतोस? कान तर बापाचेच आहेत! धूपमध्ये कशाला खडा आहेस, लू लागून जाईल ना! रुक तिथेच." आणि प्रभावतीबाई तांब्याभर पन्हं घेऊन खाली आल्या, मफलर स्वतःच्या हाताने सोडला आणि त्याचं पन्हं पिऊन होईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. जाताना म्हणाल्या, "ती खालची पोरगी बघितलीस? सारा दिवस दरवाजा बंद. कोणाशी बोलत नाही, चालत नाही. कुत्रा बिचारा रोज हाफतो. मी म्हटलं हवा लगने दो त्याला, तर म्हणते, आजी, बाहेर ऊन आहे. अब बोलो."

धम्मपालने हे सगळं दिवाकरजींना जसंच्या तसं सांगितलं.

"साक्षीदार फोडायचा प्रयत्न," दिवाकरजी म्हणाले. "पन्ह्यात वेलची होती का?"

"होती."

"वाटलंच मला. वेलचीचा वास विष लपवतो. तुम्हाला काही होतंय का?"

"बरं वाटतंय," धम्मपाल म्हणाला, आणि दिवाकरजी जरा नाराज झाले.

त्या दुपारी सरपंच पुन्हा कोसळला. ते आत गेले तेव्हा स्वानंदीने त्याला उचलून बाहेरच्या ओसरीत आणलं होतं आणि ती वर्तमानपत्राने वारा घालत होती. बऱ्याच वेळाने तो सावरला. तिचे डोळे सुजले होते. आदल्या दिवसापेक्षा आज जास्त वेळ लागला, असं ती म्हणाली, आणि दिवाकरजींच्या भिंगाकडे अशा आशेने पाहिलं की धम्मपालला तिथून पळून जावंसं वाटलं.

दिवाकरजी पळाले नाहीत. त्यांनी जिन्यावरून ती हिरवी बाटली मिळवली, हुंगली, बोटावर घेऊन चाखली. खसाचं, म्हणजे वाळ्याचं अत्तर निघालं; कूलरच्या वाऱ्याला वास यावा म्हणून टाकतात तेच.

"म्हणजे कूलर निर्दोष," त्यांनी जाहीर केलं. "तसाही कूलर विजेवरचा, माझ्या खात्यातला. त्याच्यावर संशय म्हणजे घरच्या माणसावर संशय. आता एकच शक्यता उरते. विषारी वायू! दुसऱ्या खिडकीच्या फटीतून, दाराखालून, कुठून तरी आत सोडला जातो. घरात असताना कुत्रा पडतो, ओसरीत आणल्यावर उठतो. यापेक्षा स्वच्छ पुरावा कुठला हवा?"

हे ऐकून धम्मपालला पहिल्यांदाच काहीतरी डाचलं. आत पडतो, बाहेर उठतो. यात खरंच काहीतरी होतं. पण काय, ते हाताशी येईना, आणि दिवाकरजींबरोबर राहून त्याचा स्वतःच्या विचारांवरचा विश्वास थोडा कमी झाला होता.

दुसऱ्या दिवशी ते सियागंजातून तपकिरी चिकटपट्टीचे चार रोल घेऊन आले. दिवाकरजींनी शिडीवर चढून प्रत्येक खिडकीची प्रत्येक फट स्वतः बंद केली. न्हाणीघराची जाळी बंद केली. दाराखाली ओला टॉवेल कोंबला. "आता मुंगीलाही आत यायचं तर मला विचारावं लागेल," ते समाधानाने म्हणाले. कूलर पूर्ण वेगाने सोडला. आत पहाऱ्यावर ते स्वतः, स्वानंदी आणि सरपंच. बाहेर फाटकाशी, अर्थातच, धम्मपाल.

पुढचं धम्मपालला नंतर स्वानंदीकडून कळलं. पहिल्यांदा छान गार वाटलं. मग दिवाकरजींनी कोटाचं वरचं बटण सोडलं. मग दुसरं. मग त्यांच्या गळ्यावरून घामाचे ओघळ वाहायला लागले आणि भिंतीला हात लावला तर भिंत ओलसर. सरपंच फरशीवर चारी पाय पसरून पडला होता, जीभ हातभर बाहेर, आणि प्रत्येक श्वासाला भात्यासारखा आवाज. दिवाकरजींनी त्याच्याकडे नीट बघायला चष्मा सरसावला आणि किंचाळले.

"धूर! धूर सोडलाय! मला काही दिसत नाही! भिया, धावा!" धूर कुठला, चष्म्यावर वाफ धरली होती.

धम्मपाल धावला. दार ढकललं तर हलेना. आतून पट्टी, खालून टॉवेल. आतून दिवाकरजींचा आवाज येत होता, "श्वास रोखून धरा! मी रोखलाय!" रोखलेल्या श्वासाच्या मानाने आवाज चांगला मोठा होता. पण त्याच्या खालून दुसरा आवाज आला. "याची जीभ निळी पडलीय, काका. प्लीज, दार उघडा." स्वानंदी ओरडतही नव्हती. धम्मपालने दाराला पुन्हा धडक दिली.

"हट!" मागून हुकूम आला आणि प्रभावतीबाईंचा खांदा दाराला बसला. दार उघडलं. त्या उंबऱ्यात क्षणभर थांबल्या, नाकावर पदर धरला आणि म्हणाल्या, "अगं बाई! हा कमरा आहे की इडलीचा कुकर?"

धम्मपाल आत शिरला आणि त्याच्या अंगावर ती हवा आली, जड, ओली, पावसाळ्यात वाळत घातलेल्या कपड्यांखालून जावं तशी. त्या क्षणी त्याला सगळं कळलं. इंदुरातल्या कुठल्याही पोराला कळलं असतं. कूलर चालू आणि खिडक्या बंद!

प्रभावतीबाईंनी चर्रकन पट्ट्या ओरबाडल्या आणि खिडक्या सताड उघडल्या. गरम पण कोरडा वारा आत घुसला. दिवाकरजी फ्रिजमधून बर्फाचा ट्रे घेऊन धावत आले. "बर्फ नको!" स्वानंदी ओरडली. "डॉक्टरांनी सांगितलंय, साधं पाणी आणि वारा!" तिने बादली ओढली आणि सरपंचाच्या पोटावर, पंजांवर, मानेवर पाणी ओतत राहिली. प्रभावतीबाई सुपाने वारा घालत होत्या. दिवाकरजी ट्रे हातात धरून मध्येच उभे होते आणि बर्फ त्यांच्या बुटांत वितळत होता.

मग धम्मपालने स्कूटर काढली. मागे स्वानंदी, तिच्या मांडीवर ओलाचिंब सरपंच. धम्मपालने आयुष्यात पहिल्यांदा सिग्नल तोडला. वाटेत एकदा सरपंचाचा श्वासाचा आवाज थांबल्यासारखा झाला. धम्मपालने मागे वळून पाहायची हिंमत केली नाही. मग पुन्हा ती घरघर सुरू झाली. इतका बेसूर आवाज ऐकून त्याला इतका आनंद कधी झाला नव्हता.

दवाखान्यात सरपंचाला ऑक्सिजन लावला, सलाइन लावलं. दिवाकरजी आणि प्रभावतीबाई एकाच रिक्षाने मागून आले. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले.

"वाचला. थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. घरात एसी आहे का कूलर?"

"कूलर," स्वानंदी म्हणाली. "दिवसभर चालू असतो. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून मी सगळं घट्ट बंद करते. ठाण्याला एसीला करायचो तसंच."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "एसी हवेतला ओलावा काढून टाकतो. कूलर ओलावा भरतो. समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत सगळी उमस. आणि हे महाशय थंड कसे होतात? जिभेवरचं पाणी वाळलं तर. हवाच ओली, तर वाळणार कुठे?"

"म्हणजे मीच," स्वानंदी म्हणाली आणि रडायला लागली.

"रोतेस कशाला?" प्रभावतीबाईंनी तिला जवळ ओढलं. त्यांचाही आवाज कवायतीचा राहिला नव्हता. "गलती माझीच पोरी. रोज टाकी भरते आणि एक बार आत येऊन बघितलं नाही. पण कूलर चालवायला पण शिकवावं लागतं, हे मला काय मालूम!"

धम्मपालने दिवाकरजींकडे पाहिलं. आता ते म्हणणार, गुन्हेगार घरातच आहे हे मी आधीच ताडलं होतं, असं त्याला वाटलं. दिवाकरजी बाकावर बसले होते, कोट मांडीवर, हातात उरलेला चिकटपट्टीचा रोल. ते रोलचं सुटलेलं टोक नखाने शोधत राहिले.

दोन दिवसांनी धम्मपाल तुकोगंजला चौकशीला गेला. दार उघडंच होतं. खिडक्या उघड्या, कूलर चालू, खोलीतून झुळझुळ वारा वाहत होता. सरपंच कूलरपुढे फरशीवर पोट टेकून पडला होता आणि राज्यकारभार पुन्हा हातात घेतल्यासारखा कपाळाला आठ्या घालून सगळ्यांकडे बघत होता. जमिनीवर बसून प्रभावतीबाई मेथी निवडत होत्या आणि स्वानंदी लॅपटॉपवर काम करता करता त्यांना वेदांतच्या आईच्या तक्रारी सांगत होती.

आणि खिडकीपाशी, शिडीवर, कोट न घातलेले दिवाकर मोघे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, एका हातात घासलेटाचा बोळा, दुसऱ्या हाताच्या नखांनी चौकटीवर राहिलेला चिकटपट्टीचा गोंद खरवडत होते. सकाळपासून चाललंय, असं स्वानंदीने खुणेनेच सांगितलं.

"रहने दो भिया," प्रभावतीबाई म्हणाल्या. "दिवाळीला रंग देणारच आहे मी. कशाला नखं घिसता?"

दिवाकरजींनी मागे वळून पाहिलं नाही.

"पुरावा नष्ट करतोय," ते हळूच म्हणाले.

सरपंच उठला, डुलत डुलत शिडीपाशी गेला आणि दिवाकरजी खाली उतरले तेव्हा त्यांच्या पावलावर डोकं ठेवून घोरायला लागला. दिवाकरजी बोळा हातात धरून तसेच उभे राहिले. पाय आखडेपर्यंत हलले नाहीत.